हिरागाना कुणाच्या हाताची? : लिपी, जात आणि लिहिण्याचा हक्क



सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांमधली काही मुलंमुली सध्या जपानी भाषा शिकत आहेत. गिरण्या बंद पडलेल्या या शहरात पदवी घेऊनही काम मिळत नाही, तेव्हा कुणी वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी, कुणी कारखान्यातल्या कामासाठी जपानला जायचं ठरवतं. जपानने २०१९ मध्ये परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी करार केला. तेव्हापासून ही वाट आपल्या मुलांनाही दिसू लागली. विहारातल्या अभ्यासवर्गात ही मुलं भेटतात तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे एक प्रश्न. हिरागाना हाताने गिरवायची कशाला? मोबाईलवर रोमन अक्षरात टाईप केलं की जपानी अक्षर आपोआप उमटतं. पुण्यात वर्षातून दोनदा जी जपानी भाषेची परीक्षा होते, तिच्यात तर फक्त पर्याय निवडायचे असतात, एक अक्षरही लिहावं लागत नाही. मग चौकटीच्या वहीत पानंच्या पानं भरण्यात वेळ का घालवायचा? दुसरी गोष्ट म्हणजे एक अभिमान. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर सांगतो की जपानची लिपी बौद्ध भिक्खूंनी दिली, म्हणजे ती आपलीच आहे.

प्रश्न रास्त आहे, अभिमान अर्धा खरा आहे. दोन्हींचं उत्तर हिरागानाच्या इतिहासात सापडतं. त्या इतिहासात भिक्खू आहेत, राजदरबारातल्या स्त्रिया आहेत आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं अशी माणसंही आहेत. पहिल्या दोघांबद्दल पुस्तकं बोलतात. तिसऱ्यांबद्दल भाषेचे क्लास गप्प असतात. आपल्याला मात्र त्यांच्यापर्यंत जायचं आहे.

वर्णमालेचा प्रवास

आधी अभिमानातला खरा भाग पाहू. हिरागानाचा तक्ता उघडा. पहिली ओळ अ, इ, उ, ए, ओ. त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने ओळी येतात. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या मुलाला हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. क हा आपला क वर्ग. स जिथे बसला आहे ती आपल्या च वर्गाची जागा. पुढे त आणि त्याचा अनुनासिक न. ह जिथे आहे ती प वर्गाची जागा, कारण जुन्या जपानीत आजच्या ‘ह’चा उच्चार ‘प’च्या जवळचा होता. त्यानंतर म आणि शेवटी य, र, व हे अंतस्थ.

हा क्रम जपानला गेला तो बौद्ध विद्येतून. सम्राट अशोकाच्या काळातली ब्राह्मी आपल्यापासून लांब नाही. सोलापूरहून कलबुर्गीच्या बाजूला गेलं की सन्नती आणि कनगनहळ्ळी लागतात. तिथे अशोकाचे शिलालेख सापडले, आणि खुद्द अशोकाचं शिल्प त्याच्या ब्राह्मीत कोरलेल्या नावासकट सापडलं. या ब्राह्मीतून पुढे गुप्तकाळातली लिपी आली, तिच्यातून सिद्धम् लिपी आली आणि बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनला पोचली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू ७३६ मध्ये जपानमध्ये उतरला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी त्याच्या हातून झाला. कूकाई हा जपानी भिक्खू चीनमध्ये शिकून ८०६ मध्ये परतला तेव्हा त्याने सिद्धम् लिपीतलं साहित्य सोबत नेलं. त्याने स्थापन केलेल्या शिंगोन परंपरेत ही लिपी आजही कुंचल्याने लिहिली जाते. आपल्या नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई मूळचे याच परंपरेतले. सिद्धम्‌चा अभ्यास करणाऱ्या भिक्खूंनी अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी ध्वनींना भारतीय वर्णमालेच्या पद्धतीने मांडलं. आजचा तक्ता त्यातूनच घडला.

पण इथे एक फरक नीट समजून घ्या. भारतातून गेला तो क्रम. अक्षरांचे आकार भारतातून गेलेले नाहीत. हिरागानाची अक्षरं चिनी चित्राक्षरांपासून झाली आहेत. जपानी लोक त्यांना कांजी म्हणतात. जपानीला स्वतःची लिपी नव्हती, म्हणून सुरुवातीला कांजीचा अर्थ बाजूला ठेवून नुसता उच्चार वापरला गेला. ती अक्षरं भराभर लिहिताना त्यांचे कोपरे झिजले, रेघा एकमेकींत मिसळल्या आणि हिरागाना तयार झाली. आपल्याकडे कारकुनी हाताच्या वेगातून मोडी घडली, तसाच हा प्रकार. दुसरी लिपी काताकाना. ती मात्र खरोखर भिक्खूंच्या हातची आहे. सूत्रं वाचताना ओळींच्या बाजूला उच्चार टिपून ठेवण्यासाठी त्यांनी कांजीचे तुकडे वापरले, त्याची ती लिपी झाली.

शतकानुशतकं जपानी मुलं हिरागाना शिकली ती ‘इरोहा’ नावाच्या कवितेतून. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी ती रचना आहे आणि तिचा आशय अनित्यतेचा आहे. ही कविताही कूकाईने रचली, हिरागानाही त्यानेच शोधली, असं परंपरा सांगते. अभ्यासकांना ते मान्य नाही. या कवितेची सर्वात जुनी नोंद १०७९ ची आहे आणि कूकाई ८३५ मध्ये वारला. हजारो हातांनी शंभर-दोनशे वर्षांत केलेलं काम एका थोर पुरुषाच्या नावावर चढवायचं, ही सवय फक्त आपल्याच देशात नाही.

बायकांचा हात

मग हे हजारो हात कुणाचे? हेइआन काळात, म्हणजे साधारण नवव्या ते बाराव्या शतकात, राज्यकारभार, कायदा आणि शास्त्र चिनी भाषेत चालत होतं. ती विद्या पुरुषांची. कांजीला ‘पुरुषांचा हात’ म्हटलं जाई आणि हिरागानाला ‘ओन्नादे’, म्हणजे ‘बाईचा हात’. मुरासाकी शिकिबू या लेखिकेने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की वडील भावाला चिनी शिकवत तेव्हा ती बाजूला बसून ऐके आणि भावाच्या आधी तिचं पाठ होई. वडिलांनी कौतुक करायचं सोडून ही मुलगा का झाली नाही म्हणून खंत केली. पुढे दरबारात तिला आपलं चिनी ज्ञान लपवून ठेवावं लागलं. संस्कृत ऐकू नये, शिकू नये म्हणून ज्यांच्या पिढ्यांना दूर ठेवलं गेलं, त्या आपल्या लोकांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

याच मुरासाकीने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली. ती जगातल्या पहिल्या मोठ्या कादंबऱ्यांमध्ये मोजली जाते आणि ती हिरागानात आहे. त्याच्याही आधी, ९३५ च्या सुमारास, की नो त्सुरायुकी या सरदाराने ‘तोसा निक्की’ हे प्रवासवर्णन लिहिताना आपण बाई असल्याचं सोंग घेतलं. मनातलं जपानीत लिहायचं तर पुरुषाला बाईच्या हाताचा आधार घ्यावा लागला! कमी लेखलेली लिपीच अखेर त्या भाषेची जिवंत लिपी ठरली.

ही गोष्ट स्फूर्ती देणारी आहे, पण तिथेच थांबू नका. मुरासाकी राजवाड्यात होती. तिच्याकडे कागद होता, शाई होती, दासी होत्या. चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाईच्या हातात कुंचला नव्हता. स्त्री म्हणून बाहेर ठेवलेली आणि जात व वर्ग म्हणून बाहेर ठेवलेली, यांत अंतर असतं, हे आपण आपल्याच इतिहासातून जाणतो. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकली. तिच्यामागे राजवाडा नव्हता, शाळा होती. म्हणून हिरागानाला ‘स्त्रियांची लिपी’ म्हणून गौरवताना पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. जपानमधल्या अस्पृश्याच्या हातात ही लिपी कधी आली?

बौद्ध देशातली अस्पृश्यता

होय, जपानमध्येही अस्पृश्यता होती. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, फाशीच्या जागेवरचं काम करणं हे ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना ‘एता’ म्हणजे अतिशय घाण आणि ‘हिनिन’ म्हणजे माणूस नव्हे, अशी नावं दिली गेली. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्नं वेगळी. आज त्यांना बुराकू समाज म्हणतात. वंश एक, भाषा एक, चेहरा एक. फरक फक्त जन्माचा.

आणि धर्म? तोही एकच. बुराकू लोक बौद्ध होते, त्यांना कमी लेखणारेही बौद्ध होते. जपानी स्मशानात गेलात तर थडग्यांमागे उभ्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरं दिसतील. ती पाहून आपला ऊर भरून येतो. पण त्याच देशातल्या काही दगडांवर आणि मंदिरांच्या नोंदवह्यांमध्ये भिक्खूंनीच लिहिलेली दुसरीही अक्षरं आहेत. माणूस मेल्यावर त्याला नवं धर्मनाम देण्याची तिथे प्रथा आहे. बुराकू मृतांना नाव देताना काही भिक्खूंनी ‘पशू’ अशा अर्थाची कांजी त्यात घातली. घरच्यांना ती वाचता येत नव्हती. ते त्या दगडापुढे उदबत्ती लावत राहिले. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून त्याच्याच अपमानाची पूजा करवून घेता येते, याहून कठोर पुरावा कुठला हवा?

१९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन इथे भरलेल्या जागतिक धर्म-शांती परिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुखाने जपानमध्ये बुराकू भेदभाव उरलेला नाही असं सांगून टाकलं. बुराकू संघटनांनी त्याला जाब विचारला, विधान मागे घ्यावं लागलं आणि त्यानंतर मंदिरांतल्या या नावांचा शोध सुरू झाला.

यातून काय घ्यायचं? जपानचा बौद्ध धर्म खोटा, असा निष्कर्ष काढायची घाई नको. बुद्धांची स्वतःची भूमिका स्पष्ट आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू सुचवतात की बुद्धवचन छंदसात, म्हणजे वेदांच्या भाषेच्या वळणाने, बांधून ठेवावं. बुद्ध त्याला साफ नकार देतात आणि लोकांच्या आपल्या बोलीत शिकण्याची मोकळीक देतात. ज्ञान कुलूपबंद करायचं नाही, ही धम्माची मूळ भूमिका आहे. पण संस्था, मंदिरं आणि सत्ता जातिव्यवस्थेशी जुळवून घेतात तेव्हा धम्माचा शब्द तोंडात राहतो आणि हात दुसरंच लिहितो. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म देताना बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे अशा वेळी नीट कळतं.

१२ ऑक्टोबर १८७१

एक तारीख लक्षात ठेवा, १२ ऑक्टोबर १८७१. त्या दिवशी जपानच्या नव्या मेइजी सरकारने ‘एता’ आणि ‘हिनिन’ ही नावं रद्द करून त्या लोकांना सामान्य प्रजेत धरल्याचा हुकूम काढला. त्याच दिवशी भारतात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा मंजूर केला. तिकडे जन्माचा शिक्का कागदावर पुसला जात होता, इकडे कागदावर मारला जात होता.

जपानमधला शिक्काही खरंतर पुसला गेला नाही. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, जी कुटुंबनोंद झाली तिच्यात अनेक ठिकाणी या लोकांपुढे ‘नवे सामान्य’ अशा खुणा करून ठेवल्या गेल्या. ती नोंदवही उघडून पाहिली की कोण कुठला ते समजे. लग्न जुळवताना, नोकरी देताना ती पाहिली जाई. १९६८ मध्ये ती लोकांसाठी बंद करण्यात आली. तरी १९७५ मध्ये उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या.

आपल्या सोलापूरला या शिक्क्याचा अर्थ शिकवायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सेटलमेंट उभी राहिली. काटेरी तारेचं कुंपण, रोजची हजेरी आणि जन्मल्यापासून चोर हा शिक्का. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं मोकळी झाली. कुंपण गेलं, पण ‘सेटलमेंट’ हा पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, हे तिथल्या पोरांना आजही माहीत आहे.

३ मार्च १९२२ ला बुराकू लोकांनी क्योतो शहरात ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. दयेची भाषा त्यांनी झुगारली आणि ज्या नावाने हिणवलं जात होतं तेच नाव जाहीरनाम्यात ताठ मानेने वापरलं. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेचं सुरुवातीचं काम काय होतं? ४ जानेवारी १९२५ ला आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झालं. चळवळीच्या अगदी आरंभी बाबासाहेबांनी या शहरात मुलांच्या शिक्षणाची सोय उभी केली, ही आपल्यासाठी नुसती स्थानिक आठवण नाही. तो कार्यक्रम आहे.

संविधान आणि आया

आता हिरागानाकडे परत येऊ. जपानचे जुने कायदे आणि सम्राटाचं जुनं संविधान कांजी आणि काताकानात, जड दरबारी भाषेत लिहिलेलं होतं. सामान्य माणसाला ते वाचून समजत नसे. दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर नवं संविधान आलं. एप्रिल १९४६ मध्ये त्याचा मसुदा बोलीच्या जवळच्या भाषेत आणि हिरागाना वापरून प्रसिद्ध झाला. ३ मे १९४७ पासून ते लागू आहे. एके काळी ‘बाईचा हात’ म्हणून बाजूला ठेवलेली लिपी देशाच्या सर्वोच्च कायद्याची लिपी झाली. त्याचं १४ वं कलम जन्म, कूळ आणि सामाजिक दर्जावरून भेदभाव करायला मनाई करतं. २६ वं कलम सक्तीचं शिक्षण मोफत असेल असं सांगतं.

कलम लिहिलेलं असणं आणि ते वाचणारा माणूस असणं, या दोन गोष्टी आहेत. कोची शहरातल्या नागाहामा या भागात बुराकू वस्तीतल्या आया मोलमजुरी करत होत्या. शाळेची पुस्तकं विकत घ्यावी लागत आणि ती परवडत नसत. काही शिक्षकांबरोबर या बायका संविधान वाचायला बसल्या. २६ वं कलम वाचलं आणि त्यांनी विचारलं, शिक्षण मोफत आहे तर पुस्तकांचे पैसे का? १९६१ मध्ये तिथल्या पालकांनी पुस्तकं विकत घ्यायला नकार दिला. आंदोलन देशभर गाजलं. त्यानंतर कायदा झाला आणि १९६३ पासून टप्प्याटप्प्याने, १९६९ पर्यंत जपानमधल्या सक्तीच्या शिक्षणातल्या सगळ्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळू लागली. आज जपानमधल्या श्रीमंत घरातलं मूलही मोफत पुस्तक हातात घेतं, ते या बुराकू आयांमुळे. संविधान वाचणारी अस्पृश्य बाई सगळ्या देशाचं भलं करते. आपल्याकडे याचा दाखला द्यायची गरज आहे का?

त्याच साठच्या दशकात बुराकू वस्त्यांमध्ये प्रौढांचे अक्षरवर्ग सुरू झाले. फुकुओकाच्या खाणपट्ट्यातून ते इतरत्र पसरले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, केस पिकलेल्या बायका रात्री कामावरून येऊन चौकटीच्या वहीत अ, इ, उ गिरवायला बसत. कोची भागातल्या एका वृद्ध बाईंनी १९७३ मध्ये लिहिलेलं पत्र जपानमध्ये प्रसिद्ध आहे. अक्षरं येऊ लागल्यावर आपल्याला संध्याकाळचं आकाश पहिल्यांदा खरोखर सुंदर वाटलं, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. जगाकडे मान वर करून पाहायची मुभा अक्षरांनी दिली, असा त्याचा साधा अर्थ. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, ती याच भुकेसाठी.

अक्षर न येण्याची शिक्षा

अक्षर येत नसेल तर काय होतं, याचं सर्वात भयंकर उदाहरण सायामाचं आहे. मे १९६३ मध्ये टोकियोजवळच्या सायामा इथे एका शाळकरी मुलीचं अपहरण करून खून झाला. घरी खंडणीची चिठ्ठी आली होती. पैसे घ्यायला आलेला माणूस पोलिसांच्या हातून निसटला. नाचक्की झालेल्या पोलिसांनी मोर्चा बुराकू वस्तीकडे वळवला आणि इशिकावा काझुओ या चोवीस वर्षांच्या तरुणाला भलत्याच आरोपाखाली उचललं. कोठडीतल्या कबुलीजबाबावर आणि खंडणीच्या चिठ्ठीतलं हस्ताक्षर त्याचंच आहे, या पोलिसी तज्ज्ञांच्या दाव्यावर खटला उभा राहिला. गरिबीमुळे शाळा सुटलेल्या त्या तरुणाला तेव्हा धड लिहिता येत नव्हतं!

१९६४ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. तुरुंगात एका पहारेकऱ्याने त्याला अक्षरं शिकवली. लिहिता येऊ लागल्यावर तो स्वतःच्या हाताने आपण निर्दोष असल्याचं जगाला लिहून कळवू लागला. १९७४ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली. डिसेंबर १९९४ मध्ये, एकतीस वर्षांहून जास्त काळ गजांआड काढल्यावर, तो पॅरोलवर सुटला. फेरखटल्यासाठी तो अखेरपर्यंत लढला आणि मार्च २०२५ मध्ये ८६ व्या वर्षी, न्याय न मिळताच वारला.

या खटल्यात हिरागानाची वळणं, रेघ कुठे जोडली आणि कुठे तोडली, हा पुरावा झाला. ज्याला लिहायला शिकवलंच नाही त्याच्यावर लिहिल्याचा आरोप ठेवला, आणि लिहायला शिकेपर्यंत बचाव करायला त्याच्याजवळ स्वतःचा शब्द नव्हता. आधी अंगठा घ्यायचा, मग त्या अंगठ्याच्या वर काय हवं ते लिहायचं, ही रीत आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. सावकाराच्या कागदावर, पाटलाच्या पंचनाम्यावर आणि पोलिसाच्या जबाबावर ती चाललेली आहे.

वही का भरायची

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. हाताने का लिहायचं?

पहिलं कारण शिकण्याचं. हिरागानाची ४६ अक्षरं पडद्यावर ओळखणं वेगळं आणि हातात बसणं वेगळं. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ यांची सुरुवात सारखी दिसते. शेवटी ‘ने’ला गाठ येते, ‘रे’ची रेघ बाहेर जाते आणि ‘वा’ची आत वळते. ‘रु’ला शेवटी गाठ आहे, ‘रो’ला नाही. ‘की’ आणि ‘सा’ छापील अक्षरात सलग दिसतात, पण हाताने लिहिताना खालचा बाक सहसा सुटा काढतात. मोबाईलवर पाहून शिकलेल्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली की तो अडतो. रेघ कुठे थांबवायची, कुठे झटका द्यायचा, कुठे हलकी सोडायची, हे तीन प्रकार मनगटालाच शिकावे लागतात.

दुसरं कारण इतिहासाचं. ‘मे’ हे अक्षर गिरवताना ते ‘बाई’ या अर्थाच्या कांजीपासून झालं आहे हे माहीत असू द्या. त्याच्या शेवटी एक गाठ दिली की ‘नु’ दिसू लागतं. ते ‘गुलाम, दास’ या अर्थाच्या कांजीपासून आलं आहे, आणि त्या कांजीचे दोन भाग आहेत, बाई आणि हात. ज्यांच्यावर दुसऱ्याचा हात पडला त्यांच्या खुणा या अक्षरांत आहेत. त्या आता कुणीही आपल्या हाताने लिहू शकतो.

तिसरं कारण हक्काचं, आणि तेच सगळ्यात मोठं. जपानला जाणाऱ्या आपल्या मुलांना एजंट लाखाची भाषा करतात आणि न समजणाऱ्या कागदावर सही मागतात. जो करार वाचता येत नाही त्यावरची सही म्हणजे अंगठाच. हिरागाना ही पहिली पायरी आहे. पगार किती, कपात किती, कामाचे तास किती, काम सोडायचं तर काय, हे वाचता येईपर्यंत पुढच्या पायऱ्या चढाव्या लागतील. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिच्यातून शिकवण्यापर्यंत पोचले. लोकांशी दुभाष्यामार्फत बोलत राहायचं नाही, हा त्यांचा धडा आजही कामाचा आहे. त्यांच्या आयुष्यातून आणखीही एक समजतं. ज्या देशाची लिपी आपण शिकतो, त्या देशाने केलेला अन्यायही शिकायचा असतो.

म्हणून लिपीचा अभिमान बाळगा, पण त्यावर समाधान मानू नका. वर्णमालेचा क्रम आपल्या भूमीतून गेला, आणि त्याच भूमीत कोट्यवधी लोकांना एक अक्षरही मिळू दिलं नाही. लिपी कुणी दिली हे इतिहास सांगेल. ती आज कुणाच्या हातात आहे हे आपल्याला पाहावं लागेल. जपानला जाणाऱ्यांनो, तिथल्या बुराकू वस्त्या, त्यांची चळवळ आणि त्यांचे अक्षरवर्ग शोधा, त्यांच्याशी नातं जोडा. कुणी सांगितलं की जपानमध्ये असलं काही नाही, तर २०१६ मध्ये त्या देशाला बुराकू भेदभाव संपवण्यासाठी खास कायदा करावा लागला, एवढं सांगा.

आणि जे इथे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. विहारात रविवारी जपानीचा वर्ग भरतो, त्याला जोडून एक तास आपल्या आई-आजींसाठी ठेवूया. एका बाकावर पोरगी हिरागाना गिरवेल, शेजारी आजी स्वतःचं नाव. दोघींच्या वह्या चौकटीच्याच असतील. आजीला सही आली की बँकेतली, रेशनची आणि विडी कारखान्यातली कागदपत्रं ती पुढच्या रविवारी घेऊन येईल. वर्गाचा पुढचा अभ्यास तोच.

जय भीम! नमो बुद्धाय!